खालून सुटका: हल्लेखोर छाताडावर बसलाय, मग पुढे?

कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपला, म्हणून आपल्याकडचा पैलवान पाठ लागायच्या आत पोटावर वळतो आणि मातीला चिकटून बसतो. तालमीत हे बरोबर आहे. रस्त्यावर, जिन्यात किंवा बंद खोलीत तीच सवय घात करते. पोटावर पडलात की समोरचा दिसत नाही, हात अंगाखाली अडकतात आणि मानेभोवती हात घालायला त्याला मोकळं रान मिळतं. जमिनीवर दाबलं गेल्यावरचा पहिला नियम म्हणून कुस्तीच्या उलटा आहे: पाठ टेकू द्या, तोंड त्याच्याकडे ठेवा.

दुसरी गोष्ट ताकदीची. वर बसलेला सत्तर-ऐंशी किलोचा माणूस हातांनी ढकलून उठत नाही. खाली पडलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी तेच करून बघतो, आणि दंड वीस सेकंदांत भरून येतात. शिवाय सरळ ताणलेला हात पिरगाळायला सोपा असतो. अंगातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्या आणि ढुंगणाचे आहेत. सुटका तिथून होते. हातांचं काम फक्त पकडून ठेवायचं आणि अडवायचं.

पहिले दोन सेकंद

हनुवटी छातीकडे ओढा, खांदे कानांकडे उचला. गळा लपतो आणि डोकंही फरशीवर आपटत नाही. कोपरं बरगड्यांना चिकटवा. कोपर अंगापासून सुटलं की त्या फटीतून त्याचा गुडघा वर सरकतो आणि थेट काखेपर्यंत येतो. तिथवर आला की सुटणं फार अवघड होतं, कारण कंबर उचलली तरी त्याचं वजन कंबरेवर नसतंच.

पाय सरळ सोडू नका. गुडघे वाकवा, टाचा ढुंगणाजवळ आणा. आणि श्वास सोडा. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो आणि धरलेल्या श्वासावर लवकर दमतो. ओरडायचं असेल तर जोर लावतानाच ओरडा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो.

काही जणांचं अंग या क्षणी लाकडासारखं ताठ होतं, हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ही शरीराची आपसूक प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा नव्हे. बोटं हलवता आली तर बोटांपासून सुरुवात करा.

दोन हालचाली: पूल आणि कोळंबी

पुढचं बहुतेक सगळं या दोन हालचालींवर उभं आहे.

पूल म्हणजे टाचा रोवून कंबर जोरात वर उचलणं. चूक होते ती मानेवर भार घेण्यात. तालमीत पैलवान मानेचा पूल करतात, पण त्यांची मान वर्षानुवर्षं त्यासाठी तयार झालेली असते. आपण भार एका खांद्यावर घ्यायचा: डाव्या बाजूला जायचं असेल तर डाव्या खांद्यावरून, नजर त्याच खांद्याच्या वर मागे. टाचा ढुंगणापासून वीतभर अंतरावर हव्यात. हातभर लांब असतील तर कंबर चार बोटंच उचलली जाते.

कोळंबी ही ज्युदोतली हालचाल. जपानीत तिला 'एबी' म्हणतात, अर्थ तोच. कुशीवर वळा, वरच्या पायाचा तळवा जमिनीवर रोवा आणि त्या पायाने जमीन ढकलून ढुंगण मागे फेका. शरीर कमरेत दुमडतं, कोळंबी पाण्यात मागे उडी मारते तसं. पाठ सपाट ठेवून ही हालचाल होत नाही. आधी कूस, मग ढकलणं. एका ढकलण्यात वीतभर जागा मिळते आणि तेवढ्यात गुडघा आत घालता येतो.

तो पोटावर बसलाय आणि दोन्ही हात गळ्यावर आहेत

यात वेळ सगळ्यात कमी असतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपू शकते. बोटं उचकटत बसू नका. त्याचे हात गळ्यावर गुंतलेत, म्हणजे तोल सावरायला ते मोकळे नाहीत. फायदा याचाच घ्यायचा.

तो तुमच्याकडे तोंड करून बसलाय, म्हणून त्याचा उजवा हात आणि उजवा पाय तुमच्या डाव्या बाजूला आहेत. ते दोन्ही अडकवून त्याला तुमच्या डावीकडे उलथायचं आहे.

१. उजव्या हाताने त्याचं उजवं मनगट धरा आणि डाव्या हाताने त्याच दंडाला कोपराच्या जरा वर. अंगठा वेगळा न काढता पाचही बोटांचा आकडा करा, पकड पटकन बसते. तो हात छातीशी आवळून ठेवा.

२. डावा पाय त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेरून टाका आणि घोट्याशी अडकवा. तुमची टाच त्याच्या पावलाच्या पलीकडे आणि शक्य तितकी तुमच्या ढुंगणाजवळ हवी.

३. उजवी टाच रोवून पूल मारा, आधी सरळ वर. त्याचं वजन पुढे, तुमच्या डोक्याकडे जाईल.

४. वजन पुढे गेलेलं असतानाच डाव्या खांद्यावरून कलंडा. हात आणि पाय दोन्ही अडकल्यामुळे त्या बाजूला त्याला टेकू मिळत नाही, टेबलाचे एका बाजूचे दोन्ही पाय काढल्यासारखं होतं.

५. आता तुम्ही वर, बहुधा त्याच्या पायांच्या मधे, आणि तो खाली. तिथे थांबू नका. त्याच्या पोटावर किंवा जांघेवर जोर देऊन उठा आणि मागे सरका. पायांत अडकवून पुन्हा ओढायला त्याला एक क्षण पुरतो.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. पाय अडकवायचा राहिला तर तो गुडघा बाहेर टाकून तोल सावरतो, आणि सरावात ही चूक सगळ्यात जास्त दिसते. वर न उचलता नुसतं बाजूला वळलं तर अंथरुणात कूस बदलल्यासारखं होतं, वजन होतं तिथेच राहतं. पूल हळूहळू मारला तर त्याला सावरायला वेळ मिळतो. एक झटका वाया गेला तर पकड न सोडता लगेच दुसरा द्या. बरेचदा दुसऱ्यालाच तो जातो, कारण पहिल्याने त्याची बैठक हललेली असते.

तो गळा न धरता ताठ बसून ठोसे मारत असेल, तर अडकवायला हात मिळत नाही. मग आधी पूल मारून त्याला पुढे पाडा. पडताना माणूस हात जमिनीवर टेकतोच. त्या क्षणी उठून त्याच्या कमरेला मिठी मारा आणि कान त्याच्या छातीला लावा. इतक्या जवळून ठोशाला जोर येत नाही. तिथून एक हात शोधून वरचाच क्रम करा.

गादीवर आणि सोफ्यावर हा डाव अर्धाच चालतो, कारण टाच रुतते आणि जोर गादी खाते. पलंगावर असाल तर कडेच्या बाजूला कलंडा. दोघेही खाली पडलात तरी त्याची बैठक मोडते. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच चित्र आहे: बलात्काराच्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. अंधारी गल्ली डोळ्यांसमोर ठेवून सराव करणाऱ्यांनी घरातली खोलीही धरून चालावं.

दोन्ही मनगटं डोक्याजवळ दाबली असतील

मनगटं वर उचलायचा प्रयत्न सोडा, त्यावर त्याचं अख्खं वजन आहे. हात जमिनीवरूनच, झाडू फिरवल्यासारखे, कमरेकडे ओढा आणि त्याच वेळी पूल मारा. त्याचे आधाराचे दोन्ही हात खालून सरकतात आणि तो पुढे तोंडावर येतो. स्वतःचं तोंड एका बाजूला वळवून ठेवा, नाहीतर त्याचं कपाळ नाकावर बसेल. तो छातीवर आपटला की मिठी, एक हात आणि एक पाय अडकवणं, कलंडणं. यात हात आणि कंबर एकाच वेळी हलायला हवेत. आधी हात आणि मग कंबर असं केलं की काहीच होत नाही.

उलथत नसेल तर: कोपर आणि गुडघा

वजनदार माणूस गुडघे रुंद पसरून खाली बसला की पूल निकामी होतो. मात्र रुंद बसल्यामुळे त्याच्या गुडघ्याखाली आणि तुमच्या कुशीशी फट राहते. डाव्या कुशीवर वळा. डावा पाय जमिनीवर सपाट सोडा, उजवा तळवा रोवा. डावं कोपर आणि दोन्ही तळहात त्याच्या उजव्या गुडघ्याच्या आतून लावा. आता कोळंबी करत ढुंगण उजवीकडे मागे फेका. गुडघा ढकलून हलवायचा नाही, तो जागच्या जागी रोखायचा आणि आपण सरकायचं. फट झाली की डावा गुडघा त्यातून आत ओढा आणि त्याचा पाय आपल्या दोन पायांत पकडा. मग दुसऱ्या कुशीवर हेच. दोन्ही गुडघे आत आले की तो तुमच्या पोटावर नसतो, पायांच्या मधे असतो. सुटका अर्धी झाली.

ही हालचाल दिसायला मामुली आहे, पण लहान चणीच्या माणसाला उलथण्यापेक्षा ती जास्त हात देते. घाई केली तर फसते. तीन-चार वेळा वीत-वीत सरकावं लागतं.

तो पायांच्या मधे असेल

अत्याचाराच्या हल्ल्यात ही स्थिती सगळ्यात भीतिदायक वाटते, पण सुटकेच्या दृष्टीने ती पोटावर बसण्यापेक्षा बरी आहे, कारण पाय मोकळे आहेत. त्याचं एक मनगट दोन्ही हातांनी छातीशी धरा, त्याच बाजूचा तळवा त्याच्या जांघेच्या सांध्यावर ठेवा आणि कंबर जरा दुसऱ्या बाजूला सरकवा. दुसरा तळवाही दुसऱ्या जांघेवर. मग मनगट सोडून दोन्ही पाय एकदम सरळ करा. तो मागे फेकला जातो. ढकलायचं जांघेवर, पोटावर पाय ठेवला तर तो घसरतो.

तो पुन्हा पुढे आला तर टाचेने लाथ मारा: उभा असेल तर गुडघ्यावर किंवा नडगीवर, वाकला असेल तर तोंडावर. तो गोल फिरला की तुम्हीही पाठीवर फिरा. पावलं कायम त्याच्याकडे.

बाजूने आडवा पडून दाबत असेल तर एका हाताचा कोपरापुढचा भाग त्याच्या गळ्याशी, दुसरा कमरेशी आडवा लावा. पूल, लगेच कोळंबी, गुडघा आत. पुढे वरचंच.

पोटावर पडलाच असाल तर

सपाट राहू नका. कोपरं आणि गुडघे अंगाखाली ओढून रांगत्या स्थितीत या, हनुवटी आत. मानेभोवती हात आला तर दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून खाली छातीकडे ओढा आणि हनुवटी त्याच्या कोपराच्या बेचक्याकडे वळवा. श्वासाला थोडी जागा तिथेच असते. एका हाताने पकड आणि दुसऱ्याने मागे त्याचे केस ओढायचे असं करू नका. दोन्ही हात त्या एका हातावरच, दुसरं काहीही नाही. मग कुशीवर कलंडून खांदे जमिनीला लावा आणि त्याच्याकडे तोंड करा.

ओढणी, मफलर किंवा गळ्यातली जाड साखळी इथे फासासारखी वापरली जाते. फास पूर्ण आवळायच्या आत हनुवटी किंवा बोटं आत गेली तरच उपयोग. साडी किंवा घट्ट कुर्ता असेल तर पाय पुरेसे फाकत नाहीत, म्हणून सरावाच्या वेळी एकदा तरी तेच कपडे घालून बघा.

डोळे, जांघ आणि मिरची-फवारा

"गुडघा मार जांघेत" हा सल्ला सगळे देतात. तो पोटावर बसलेला असताना तुमचा गुडघा जांघेपर्यंत पोचत नाही, त्याच्या ढुंगणाला लागतो. एवढं खरं की तो धक्का त्याला पुढे ढकलतो आणि पूल मारायला मदत होते. खालून मारलेल्या ठोशात दम नसतो, कारण खांदा मागे घ्यायला जमीन आड येते. डोळ्यांत अंगठा, कानाला हिसका, हाताला कडाडून चावा, एक बोट धरून उलटं मोडणं, हे सगळं चालतं, पण ते सुटकेचं दार किलकिलं करतं, उघडत नाही. डोळ्यात बोट घातल्यावर तो मान मागे घेईल. त्याच अर्ध्या सेकंदात कंबर हलली नाही तर तो फक्त जास्त चिडेल.

मिरचीचा फवारा खाली पडलेल्या माणसाने वर मारला की थेंब स्वतःच्या डोळ्यांवर पडतात. फवारा आपण उभं असताना आणि अंतर असताना वापरायचा.

चाकू असेल तर वरचा क्रम बदलतो. दोन्ही हात चाकूच्या मनगटावर, ते तुमच्या अंगाला चिकटवून. ते मनगट न सोडता काय करता येईल तेवढंच करायचं. कापलं जाणार हे गृहीत धरा. मागणी पैशांची किंवा मोबाईलची असेल तर देऊन टाका.

उठायचं कसं

सुटल्यावर घाईने उठताना बरेच जण पाठ फिरवून रांगतात किंवा पुढे वाकून उठतात. दोन्हींत डोकं त्याच्या पायाशी येतं. बरोबर पद्धत अशी: डाव्या ढुंगणावर बसा, डावा तळहात मागे जमिनीवर. उजवा तळवा जमिनीवर, गुडघा वर, उजवा हात तोंडापुढे. आता वजन डाव्या हातावर आणि उजव्या पायावर घेऊन कंबर उचला, मोकळा डावा पाय कमरेखालून मागे न्या आणि टेकलेल्या हाताच्या मागे ठेवा. मग हात उचला. नजर सगळा वेळ त्याच्यावर. दोन पावलं मागे, मग पळा, माणसं आणि उजेड असेल तिकडे. पळताना आपत्कालीन क्रमांक ११२.

सराव

वाचून हे येत नाही. एकट्याने रोज दहा मिनिटं पुरतात: दोन्ही खांद्यांवरून दहा-दहा पूल, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कोळंबी, आणि दहा वेळा उठणं. खाली सतरंजी किंवा मॅट हवी. जोडीदार असेल तर गळ्यावर हात न ठेवता गळपट्टीच्या हाडांवर ठेवायला सांगा, आणि दोन थापा म्हणजे लगेच सोडायचं हे आधीच ठरवा. पहिला आठवडा विरोध न करता, मग हळूहळू विरोध वाढवत. सहा आठवड्यांनी तुमच्यापेक्षा पंधरा-वीस किलो जास्त वजनाच्या माणसाला अंगावर बसवून बघा. डाव कुठे फसतो ते तेव्हाच कळतं. कमरेची चकती सरकलेली असेल, मानेचं दुखणं असेल किंवा गरोदर असाल तर पूल करू नका.

वर्ग लावायचा असेल तर ज्युदो किंवा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा (जमिनीवरच्या पकडींवर भर देणारा झुंजीचा प्रकार) बघा. ज्युदोत वीस सेकंद पाठीवर दाबून ठेवलं की डाव संपतो, म्हणून दाबातून निसटणं तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात. जिथे जोडीदार खरा जोर लावत नाही, नुसती पोझ दाखवून टाळ्या घेतल्या जातात, तिथले पैसे वाया.

नंतर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३८ प्रमाणे जीव जाण्याची, गंभीर इजेची किंवा बलात्काराची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत हा हक्क जातो. कलम ३७ त्याला मर्यादा घालतं: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा नको. तो पळत सुटला किंवा निपचित पडला, मग मागे जाऊन लाथा घालू नका. आणि जिचं अंग गोठलं, जिने हातपाय हलवले नाहीत, तिने केवळ तेवढ्यावरून संमती दिली असं कायदा मानत नाही. कलम ६३ च्या स्पष्टीकरणातच ते लिहिलं आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही.

गळा दाबला गेला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, डोकं दुखणं, अंगाची एक बाजू बधिर होणं, यातलं काहीही उशिराने सुरू होऊ शकतं. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर गेली असेल तर ती बाहेरून दिसत नाही. डॉक्टरांना "गळा दाबला होता" हे शब्द स्पष्ट सांगा, नुसती "मारहाण" म्हणू नका. तपासण्या त्यावरून ठरतात. तपासणीआधी आंघोळ करू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. मानेवरचे आणि मनगटावरचे वळ पहिल्या दिवशी फिकट असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद होतात, म्हणून फोटो त्याच दिवशी काढा आणि पुढच्या दोन दिवसांतही पुन्हा काढा.